बोललेलं नीट उमटावं म्हणून : वाचकांचे प्रश्न

आवाज ओळखून मजकूर उमटवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल पुणे परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत.

माझ्या वडिलांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. समोरच्याचं बोलणं त्यांना वाचता यावं म्हणून लॅपटॉपवर व्हिस्पर हे बोललेलं लिहून देणारं सॉफ्टवेअर बसवलं. पण आम्ही मराठी बोलतो आणि हिंदी उमटतं. कोणीच बोलत नसताना 'धन्यवाद'सारखे शब्द आपोआप येतात. काय बिघडलं असेल? – धायरी

हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे. भाषा ठरवून दिली नसेल, तर व्हिस्पर सुरुवातीच्या ३० सेकंदांवरून ती ओळखू पाहतं आणि मराठीला हिंदी समजून बसतं. सेटिंगमध्ये 'ऑटो'च्या जागी मराठी निवडा. 'ट्रान्सलेट'वर खूण असेल तर तीही काढा, नाहीतर इंग्रजी उमटेल. एवढं करूनही लहान मॉडेलची, म्हणजे आवाजावरून शब्द ओळखायला शिकवलेल्या भागाच्या छोट्या आवृत्तीची, मराठी कच्चीच राहील. ओपनएआयने २०२२ मध्ये व्हिस्पर खुलं केलं, तेव्हा ते एकूण ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं होतं. त्यात मराठी आवाज आणि त्याचा मराठीत लिहिलेला मजकूर अशी जोडी तासाभराचीही नव्हती. पुढची मोठी मॉडेल सुधारली आहेत, पण 'स्मॉल' या लहान मॉडेलकडून मराठीची फार अपेक्षा ठेवू नका.

आपोआप येणाऱ्या शब्दांचं कारण निराळं आहे. व्हिस्पर आवाज ऐकतं आणि पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाजही बांधतं. शांततेत ऐकण्यासारखं काही नसतं, तेव्हा नुसता अंदाज उरतो. त्यासाठी बोलणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे आधी तपासणारं सिलेरो हे छोटं ओपन सोर्स मॉडेल जोडा. व्हिस्पर साध्या संगणकावर चालवणाऱ्या व्हिस्पर डॉट सीपीपी या कार्यक्रमाच्या नव्या आवृत्त्यांत त्याची सोय आहे. शिवाय आधीचा मजकूर पुढच्या तुकड्यात नेण्याचा पर्याय बंद करा. म्हणजे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणं थांबेल.

तरीही वडिलांसाठी आमची शिफारस वेगळी आहे. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाचं इंडिककन्फॉर्मर हे भारतीय भाषांवर शिकवलेलं मॉडेल वापरून पाहा. ते सीटीसी पद्धतीने चालवता येतं. त्यात प्रत्येक अक्षर त्या त्या क्षणीच्या ध्वनीला बांधलेलं असतं, त्यामुळे चूक झाली तर शब्द वेडावाकडा दिसतो आणि वाचणाऱ्याला शंका येते. व्हिस्परची चूक मात्र शुद्ध, गुळगुळीत वाक्यात येते. ज्याला कानाने पडताळा घेता येत नाही, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी 'दीड' की 'अडीच', हे कोणत्याही मॉडेलवर सोडू नका. आकडा कागदावर लिहूनच घ्या.

मॉडेल बदलण्याआधी माइककडे पाहा. टीपॉयवरचा लॅपटॉप, वर फिरणारा पंखा आणि दोन मीटरवरचा माणूस एवढ्याने कोणतंही मॉडेल हरतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पंखा मात्र तेवढाच राहतो. बोलणाऱ्याच्या कॉलरला वायरचा क्लिप माइक लावा, तोंडापासून साधारण वीतभर खाली. चारजण बोलत असतील तर माइक हातोहात फिरवा. ब्लूटूथ हेडसेट टाळा, कारण माइक चालू होताच त्यातले पुष्कळसे ८ किलोहर्ट्झवर येतात आणि या मॉडेलना १६ लागतात.

मी दृष्टिहीन आहे आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए वापरते. बोलून टाइप करताना एनव्हीडीएचा स्वतःचा आवाजही मजकुरात येतो. – सदाशिव पेठ

स्पीकर बंद करून वायरचा हेडफोन लावा. त्यानेही आवाज झिरपत असेल, तर बोलण्यापुरतं एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि एस दाबून वाचन थांबवा आणि नंतर तसंच परत सुरू करा. तपासताना शब्द ऐकून भागणार नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच लागतात. अर्ज किंवा परीक्षेचा मजकूर असेल, तर शंकास्पद शब्द बाणाच्या कीने अक्षर-अक्षर ऐका.

माझ्या भावाच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आहे. हात चालत नाहीत, बोलणं स्पष्ट आहे. उबंटू (लिनक्स) लॅपटॉपवर त्याला मराठीत लिहायचं आहे आणि ब्राउझरही चालवायचा आहे. इंग्रजी टाइप होतं, पण देवनागरीचे तुकडे पडतात. – हडपसर

लिहिणं आणि हुकूम देणं ही दोन कामं एकाच मॉडेलवर टाकू नका. हुकुमांसाठी व्होस्क हे आवाज ओळखणारं ओपन सोर्स साधन घ्या. त्याची लहान मॉडेल साधारण ४० एमबीची असतात, इंटरनेटशिवाय चालतात आणि त्यांना शब्दांची यादी ठरवून देता येते. यादीत तीसच शब्द असले की चूक व्हायला वावच कमी राहतो. ही सोय मुख्यतः लहान मॉडेलमध्ये आहे, मोठं उतरवून घेतलंत तर यादीचा उपयोग होईलच असं नाही. हुकूम भारतीय इंग्रजी किंवा हिंदी मॉडेलवर ठेवा.

देवनागरी तुटण्याचं कारण मॉडेलमध्ये नाही. उबंटू आता वेलँड या पडदा हाताळणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतं आणि तिथे आपोआप टाइप करून देणारं जुनं एक्सडूटूल निरुपयोगी ठरतं. त्याच्या जागी वापरलं जाणारं वायडूटूल कीबोर्डच्या कळा दाबल्याचा भास निर्माण करतं, आणि 'क्ष' किंवा 'ळ'साठी त्याच्याकडे कळच नाही. म्हणून अक्षरं टाइप करवू नका. ओळखलेला मजकूर डब्ल्यूएल-कॉपी या आज्ञेने क्लिपबोर्डवर टाका आणि वायडूटूलकडून फक्त कंट्रोल-व्ही दाबून घ्या. टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही लागेल. एवढी जुळवाजुळव नको असेल, तर स्पीच नोट हे अ‍ॅप घ्या. त्यात व्हिस्परची मॉडेल चालतात आणि मजकूर थेट क्लिपबोर्डवर पाठवता येतो.

ऐकणं सुरू आणि बंद करण्यासाठी मात्र आवाजावर विसंबू नका. घरात टीव्ही लागला की यंत्र त्याचंही ऐकत बसतं आणि 'थांब' म्हटलेलं त्या गोंगाटात हरवतं. एक जुना यूएसबी माउस उघडा. डाव्या बटणाच्या मायक्रोस्विचच्या ज्या दोन पिना दाबल्यावर जोडल्या जातात, त्या मल्टिमीटरने शोधा. तिथून दोन तारा काढून ३.५ मिमीचा मोनो सॉकेट समांतर डाखा. त्यात कोणतंही मोठं बटण लावता येतं, गालाने किंवा डोक्याने दाबण्याजोगं. सॉकेट आणि बटण बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. मग इनपुट रिमॅपर या ओपन सोर्स साधनाने फक्त त्याच माउसचा क्लिक 'ऐकणं सुरू-बंद'च्या शॉर्टकटला जोडा.

मानेच्या इजेत श्वास तोकडा पडतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो. मराठीत क्रियापद नेमकं शेवटी असतं, म्हणून तेच गळतं. वाक्य संपलं असं मानण्याआधीची शांतता १ ते १.५ सेकंद ठेवा. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला असावा. समोर ठेवलात तर श्वासाचा फुत्कार 'ह' किंवा 'फ' म्हणून उमटेल.

मुलगी १४ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचं बोलणं घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना नाही. तिच्याच आवाजावर मॉडेल शिकवता येईल का? – कोथरूड

येईल, पण सुरुवात वाक्यांपासून करू नका. आधी पंधरा-वीस हुकूम घ्या. शब्द निवडताना शुद्ध उच्चाराचा आग्रह पूर्ण सोडा. ती दर वेळी जवळजवळ सारखा काढते तो आवाज आपल्या कामाचा. 'पाणी' आणि 'आई' दोन्ही तिच्या तोंडून 'आ-ई' असे येत असतील, तर यंत्राला त्यांत फरक करायला काही सापडणारच नाही. एकासाठी लांबीने किंवा स्वराने वेगळा आवाज ठरवा, तिच्याशी बोलून, तिच्या पसंतीने. प्रत्येक आवाज २० ते ३० वेळा रेकॉर्ड करा, तेही वेगवेगळ्या दिवशी: सकाळी, शाळेतून आल्यावर, थकलेली असताना. एकाच दुपारी उरकलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी दगा देतं, कारण स्नायूंचा ताण बदलला की आवाजही बदलतो. एका बैठकीला दहा मिनिटं पुरेत. एवढ्या थोड्या शब्दांसाठी मोठं मॉडेल लागत नाही. नवा आवाज साठवलेल्या नमुन्यांशी ताणून-आखडून जुळवून पाहणारी डीटीडब्ल्यू ही जुनी पद्धत साध्या लॅपटॉपवर चालते. जुळणी कमकुवत असेल तेव्हा यंत्राने गप्प राहावं किंवा पडद्यावर दोन पर्याय दाखवावेत, अशी मर्यादा घाला.

हे स्थिरावलं की वाक्यांकडे वळा. तिला रोज लागतात अशी २००-३०० वाक्यं, मिळून तासाभराचा आवाज. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोमध्ये तासाला सुमारे ११५ एमबी होतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. मजकूर लिहिताना तिला जे म्हणायचं होतं ते लिहा, कानाला जे लागलं ते नको. शब्दाच्या मधली थांबणी कापू नका. सिलेरोची शांततेची मर्यादा कमी असेल, तर ते एकाच शब्दाचे दोन तुकडे करेल आणि तुमची सगळी मेहनत त्या तुकड्यांवर जाईल. मराठीवर आधीच शिकवलेलं मॉडेल घ्या आणि लोरा या पद्धतीने मूळ मॉडेल तसंच ठेवून त्याला जोडलेला छोटासा भागच शिकवा. पूर्ण मॉडेल बदलायला घेतलंत, तर शिकण्याचा वेग ०.००००१ च्या आसपास ठेवा. तो जास्त झाला तर मॉडेल जुनं मराठीही विसरतं.

सर्वांत जास्त फसगत चाचणीत होते. शिकवताना वापरलेलीच वाक्यं पुन्हा म्हणवून घेतली, तर निकाल सुरेख येतो आणि स्वयंपाकघरात यंत्र काहीच ओळखत नाही. दर दहातलं एक वाक्य सुरुवातीलाच बाजूला काढा, ते शिकवण्यात कुठेही येऊ देऊ नका आणि चाचणी अशाच वाक्यांवर घ्या. तिचा चित्रांचा तक्ता चालूच ठेवा. सर्दी झाली किंवा ताप आला, तर मॉडेल निकामी होईल, पण तिला बोलायचं तर असणारच. वाक्यं आणि आवाज निवडताना तिच्या वाचा-उपचारतज्ज्ञांना सोबत घ्या.

मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या संग्रहात मराठी आवाज देता येतात, आणि तिथे अशा आवाजांची फार गरज आहे. पण ते सीसी० परवान्याखाली सार्वजनिक होतात. कोणीही ते कशासाठीही वापरू शकतं आणि एकदा वाटले गेलेले आवाज परत गोळा करता येत नाहीत. हे तिला समजेल असं सांगा, ती 'नको' म्हणाली तर देऊ नका.

ओपन सोर्स म्हणजे आमचा आवाज घराबाहेर जात नाही ना? – पिंपरी

तसं गृहीत धरू नका. कार्यक्रम ओपन सोर्स असूनही आवाज दूरच्या सर्व्हरवर पाठवत असू शकतो. मॉडेल एकदा उतरवून झालं की वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा आणि पाच मिनिटं बोलून पाहा. मजकूर येत राहिला तर ओळखण्याचं काम तुमच्याच यंत्रावर होतं आहे. नंतर अ‍ॅपची इंटरनेटची परवानगी फायरवॉलमधून काढून टाका आणि जुनी रेकॉर्डिंग कोणत्या फोल्डरमध्ये साठतात तेही बघून ठेवा. पुष्कळ अ‍ॅप मजकूर दाखवल्यावर ध्वनीची फाइल तशीच सोडून देतात.