जनुकसंपादन, जनुकदुरुस्ती की जनुकीय सुधारणा?

प्रश्न असा आहे : सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या नव्या उपचाराच्या बातम्यांत एकाच तंत्राला कुठे 'जनुकीय संपादन', कुठे 'जनुक दुरुस्ती', तर कुठे 'जनुकीय सुधारणा' म्हटलेलं दिसतं. यातलं बरोबर काय? शिवाय संपादन म्हणजे मिळवणं ना, भूसंपादनातलं?

शेवटची शंका आधी घेऊ. विश्वास संपादन करतो तेव्हा आपण तो मिळवतो, दिवाळी अंकाचं संपादन करतो तेव्हा मजकुरावर हात चालवतो. दोन्ही अर्थ मराठीत सुखाने नांदतात आणि संदर्भामुळे घोटाळा होत नाही. जनुक कुणी संपादन करून घरी नेत नाही. ज्याचं संपादन करायचं ते जनुक, म्हणून सरळ षष्ठी तत्पुरुष : जनुकसंपादन, एकत्र लिहावं. 'जनुकीय संपादन' चूक नाही, पण त्यातल्या 'ईय'चं काम काय ते मला कळलेलं नाही.

'दुरुस्ती' मात्र या बातमीत बसत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेने मान्यता दिलेला 'कॅसजेव्ही' हा क्रिस्पर (जनुकात नेमक्या ठिकाणी काप देणारं तंत्र) वापरणारा उपचार पाहा. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं, म्हणजे डीएनएच्या लिपीतलं, एक अक्षर बदललेलं असतं. कॅसजेव्ही त्या अक्षराला हातच लावत नाही. गर्भात असताना आपलं शरीर वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन बनवतं आणि जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक त्याला लगाम घालतं. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी (ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात) बाहेर काढून त्यांतला हा लगाम कापतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण खूप घटतं. बिघाड जिथल्या तिथे! याला दुरुस्ती कसं म्हणावं? याउलट २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतपेशींतलं चुकीचं अक्षरच बदलण्यात आलं. तिथे 'जनुकदुरुस्ती' चपखल बसतो. म्हणजे दुरुस्ती हा संपादनाचा एक प्रकार झाला, पर्याय नव्हे.

'सुधारणा'शी माझं खरं भांडण आहे. हा शब्द बहुधा शेतीतून आला असावा. सुधारित वाण, सुधारित बियाणं ही तिथली जुनी बोली, त्यातून बीटी कापसासारखी पिकं 'जनुकीय सुधारित' झाली. पिकांबद्दल भांडणारे भांडोत, पण माणसाच्या बाबतीत हा शब्द निकाल आधी सांगून मग खटला चालवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनचे संशोधक हे जियानकुई (हे त्यांचं आडनाव, वाक्य बरोबर आहे) यांनी हाँगकाँगच्या परिषदेत जाहीर केलं की त्यांनी भ्रूणावस्थेत सीसीआर५ जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. हेतू काय, तर एचआयव्हीची लागण होऊ नये, कारण हा विषाणू पेशीत शिरायला बहुधा याच जनुकाने बनवलेलं दार वापरतो. काही माणसांत या जनुकाची ३२ अक्षरं निसर्गतःच गळालेली असतात आणि त्यांना एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांपासून संरक्षण मिळतं. त्या मुलींत मात्र नेमका तो बदल झालाच नाही, भलतेच बदल झाले, आणि सगळ्या पेशींत सारखे झाले का याचीही खात्री नव्हती. वडिलांना एचआयव्ही होता, पण बाळाला लागण टाळायला वीर्य धुऊन घेण्याची साधी पद्धत होतीच. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने हे यांना तीन वर्षांचा तुरुंगवास दिला. याला 'सुधारणा' लिहिणाऱ्या उपसंपादकाने क्षणभर थांबावं. संपादन म्हटलं की ते चांगलं झालं की वाईट, हे ठरवायला वाचक मोकळा राहतो. वाईट संपादन आपण सगळ्यांनीच वाचलेलं आहे.

सिकलसेलचा उपचार आणि चीनमधला प्रयोग या दोन घटनांतला मोठा फरक बातम्यांत हरवतो आणि त्यासाठी शब्द लागतोच. रक्तपेशीतला बदल त्या रुग्णाबरोबर संपतो, भ्रूणातला मुलांनातवंडांत जाऊ शकतो, आणि त्यांची संमती घ्यायला ती अजून जन्मलेली नसतात. म्हणूनच आपल्याकडे मूळपेशी संशोधनाच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दुसऱ्या प्रकाराला मनाई केली आहे. परिभाषेत पहिल्यासाठी 'कायिक' आणि दुसऱ्यासाठी 'जननपेशीय' असे शब्द आहेत, पण ते परीक्षेच्या पेपरात शोभतात. मराठीत आजीचं नाक नातीत 'उतरतं'. मग 'पुढच्या पिढीत उतरणारं' आणि 'न उतरणारं' जनुकसंपादन म्हणायला काय हरकत आहे? नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या सिकलसेलग्रस्त मुलाच्या आईला डॉक्टरांनी हे समजावताना 'कायिक' म्हटलं, तर पुढचं सगळं समजावणं वाया जाईल. (उपचाराची अमेरिकेतली किंमत, सुमारे २२ लाख डॉलर, तिला कोणत्या शब्दांत सांगायची याचं उत्तर माझ्याकडे नाही.)

विशेषण हवं असेल तर 'जनुकसंपादित'. पण तेही जपून : संपादित झाल्या त्या कॅसजेव्हीत पेशी आणि चीनमध्ये भ्रूण. 'जनुकसंपादित मुली' असं मी लिहिणार नाही. 'जनुकसंपादित भ्रूणापासून जन्मलेल्या मुली' लिहीन, दोन शब्द जास्त गेले तरी.