‘अप्रतिम!’च्या पुढे काय लिहायचे?

नवोदितांच्या कवितांना प्रतिसाद कसा द्यावा, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत गझलेच्या मात्रांचा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाच्या मापाचा, घोळ सर्वांत जास्त दिसला. त्यामुळे या वेळी तिथे जरा जास्त थांबलो आहोत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न (सांगली) : आमच्या काव्यकट्ट्यावर रोज सात-आठ कविता येतात. अंगठा, गुलाब आणि ‘अप्रतिम’ टाकून सगळे मोकळे होतात. मला काही नेमके लिहायचे असते, पण सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

कविता दोनदा वाचा. एकदा मनात, एकदा मोठ्याने आणि चाल न लावता. जीभ जिथे अडखळली तिथे एक खूण करा. जिथे थांबून ओळ पुन्हा वाचावीशी वाटली तिथे दुसरी. या दोन खुणा मिळाल्या की प्रतिसादाचा मजकूर हातात आला.

आवडलेली ओळ जशीच्या तशी उतरवा आणि ती का आवडली ते एका वाक्यात सांगा. ‘सुंदर प्रतिमा’ हे कारण नव्हे. समजा, आईवरच्या कवितेत ‘पदराला फोडणीचा वास’ आहे आणि पुढच्याच ओळीत ‘मायेचा सागर’ आला आहे. तर लिहा : ‘फोडणीच्या वासाने आई स्वयंपाकघरात उभी राहिली. पुढच्या ओळीत सागर आला आणि ती कुणाचीही आई झाली.’ दोन वाक्यांत कौतुक झाले, दोष दाखवला आणि दोष का, तेही सांगून झाले. कवीला ‘सागर’ काढायचा की ठेवायचा हे त्याचे तो ठरवेल.

एका कवितेत दोनपेक्षा जास्त अडचणी काढू नका, तिसरीपासून माणूस वाचायचे थांबतो. शुद्धलेखन खासगीत कळवा. अपवाद फक्त अर्थच बदलतो तिथला : ‘दिन’चे ‘दीन’ झाले असेल तर ते चारचौघांत सांगायला हरकत नाही, कारण बाकीचे वाचकही तिथेच अडलेले असतात.

प्रश्न (नाशिक) : एका सदस्याचा शेर आहे –
‘पाऊस थांबला तरी गळते अजून छप्पर
भिंतीत ओल इतकी पेरून कोण गेले’
मला पहिल्या ओळीत काहीतरी खटकते. कवी म्हणतात, ‘गाऊन बघा, बसते.’ कोण बरोबर?

तुमचा कान बरोबर आहे. गझलेचे वृत्त आनंदकंद : गागालगा लगागा गागालगा लगागा. ‘ल’ म्हणजे लघू, ऱ्हस्व उच्चाराचे अक्षर, त्याची १ मात्रा. ‘गा’ म्हणजे गुरू, दीर्घ किंवा जोर पडलेले अक्षर, त्याच्या २. अर्ध्या ओळीत १२, पूर्ण ओळीत २४.

आधी दुसरी ओळ मोजा, कारण ती निर्दोष आहे. भिं २, ती २, त १, ओ २, ल १, ‘इत’ मिळून २, की २ : झाल्या १२. पे २, रू २, न १, को २, ण १, गे २, ले २ : पुन्हा १२. ‘इत’मधले दोन लघू एका गुरूच्या जागी आले आहेत. मराठी गझलेत ही सूट सर्रास घेतली जाते. काटेकोर अक्षरगणवृत्ताचा आग्रह असणारे ती मानत नाहीत. मात्र सूट शेजारच्या दोन लघूंनाच आहे, आणि तीही आराखड्यात गुरू असेल तिथेच.

आता पहिली ओळ. पा २, ऊ २, स १, थां २, ब १, ला २ : इथवर १०. यतीपर्यंत, म्हणजे ओळीच्या मधल्या थांब्यापर्यंत, उरतात २ मात्रा, आणि कवीने ठेवला आहे ‘तरी’, म्हणजे १ + २ = ३. एक मात्रा जास्त. पुढचे ‘गळते अजून छप्पर’ पुन्हा नेमके १२ आहे (‘छप्पर’मधला ‘छ’ जोडाक्षरामुळे गुरू). म्हणजे ओळ २५ मात्रांची झाली आणि दोष यतीच्या तोंडावर आहे.

गाताना हे लपते. यतीपाशी गळा आपोआप थांबतो, त्या थांब्यात ‘तरी’तला ‘त’ गिळला जातो आणि ‘त्री’ असे काहीतरी ऐकू येते. म्हणून ‘गाऊन बघा’ ही कसोटी धरू नका. चाल न लावता सपाट वाचायला सांगा, किंवा सरळ मात्रा मांडून दाखवा. अंक दिसले की वाद मिटतो.

बदल सुचवायचाच असेल तर ‘पाऊस थांबला पण’. ‘पण’ म्हणजे दोन लघू, २ मात्रा, आणि ‘तरी’तला विरोधही टिकतो. ‘अन्’ही मात्रांत बसेल, पण मग विरोध जातो आणि शेराचा कणाच मोडतो. नुसत्या बेरजेवरही जाऊ नका. ‘थांबला पाऊस पण’ याच्याही मात्रा १२च, पण क्रम गालगागा गालगा असा पडतो. ही देवप्रिया वृत्ताच्या ओळीची शेपटी झाली, आनंदकंद नव्हे. मात्रा जुळल्या आणि लय बिघडली, असे नवोदितांच्या गझलेत फार वेळा होते. तिथे ‘मात्रा बरोबर आहेत, क्रम चुकला आहे’ एवढे म्हटले की पुरते.

एक राहिले. प्रतिसादात ‘ओल पेरून’चे कौतुक विसरू नका. ओल आपसूक येते, ती कुणी पेरत नाही, आणि इथे कुणीतरी पेरून गेले आहे. शेर तिथे आहे. मात्रांच्या नादात हे सांगायचे राहून जाते आणि कवीला वाटते, यांना फक्त हिशेब दिसतो.

प्रश्न (लातूर) : जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, असे शिकलो. मग ‘तुझ्या’तला ‘तु’ लघू कसा?

आधीच्या अक्षरावर आघात पडला तरच ते गुरू होते. ‘सत्य’, ‘पत्र’, ‘विद्या’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर येतो, ते गुरू. ‘तुझ्या’, ‘उद्या’, ‘पुन्हा’, ‘उन्हाळा’ यांत येत नाही, ते लघू. रफार असेल तर आघात पडतोच (पर्वत). ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातल्या ‘ऱ्या’ने पडत नाही, म्हणून ‘दुसऱ्या’ ललगा. सर्वांत फसवा शब्द ‘दिव्यात’ : दिवा या शब्दाचे रूप असेल तर ‘दि’ लघू, दिव्य या शब्दाचे असेल तर गुरू. शंका आली की शब्द मोठ्याने उच्चारून पाहा, डोळ्यांनी ठरवू नका.

प्रश्न (इंदूर) : हिंदी-उर्दू गझल लिहिणारे आमचे मित्र आता मराठीत लिहू लागले आहेत. ‘माझे’ हा शब्द ते कधी ४ मात्रांचा धरतात, कधी ३. चालेल का?

नाही चालणार. उर्दूत आणि त्या वळणाच्या हिंदी गझलेत ‘मेरे’, ‘है’, ‘भी’ यांतला शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे लघू धरता येतो, त्याला मात्रा पाडणे म्हणतात. तिथे तो दोष नाही, रीत आहे. मराठीत लिहिले तसे मोजायचे, ‘माझे’ कायम गागा. जुन्या मराठी कवींनी वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व केलेले दिसेल, पण गझलेत आज ती सूट कुणी सहज देत नाही. मित्रांना ‘चुकलात’ म्हणण्यापेक्षा ‘ही सूट उर्दूतली’ असे म्हणा, लगेच समजेल. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ नवोदितांसाठीच लिहिलेली आहे आणि छोटी आहे. ती त्यांच्या हाती द्या. काफिया (यमकाचा शब्द), रदीफ (त्यानंतर जसेच्या तसे परत येणारे शब्द) त्यांना ठाऊक असणारच, अलामत (यमकाच्या अक्षरांआधीचा न बदलणारा स्वर) तेवढी मराठीच्या अंगाने पाहावी लागेल.

प्रश्न (कणकवली) : मुक्तछंदात मोजायलाच काही नसते. तिथे प्रतिसाद कशाच्या आधारावर द्यायचा?

ओळी जिथे तोडल्या आहेत, त्याच्या आधारावर. कविता सलग गद्यासारखी लिहून काढा आणि पाहा, काही हरवले का.

‘तू गेलीस / आणि / माझ्या मनात / फक्त / अंधार उरला.’ सलग लिहा : तू गेलीस आणि माझ्या मनात फक्त अंधार उरला. काहीच हरवले नाही. म्हणजे त्या तोडण्यांनी काही कामच केले नव्हते, वाक्य फक्त उभे केले होते.

आता ‘दारामागे तुझी छत्री / अजून / ओली’. सलग लिहिल्यावर ‘अजून’नंतरचा थांबा जातो. त्या थांब्यात वाचक ‘अजून इथेच आहे’ असे काहीतरी धरून बसलेला असतो आणि ‘ओली’ येऊन त्याला गाठते. इथे ओळ तोडण्याला कारण होते. प्रतिसादात हे असे, जागा दाखवून लिहा.

दुसरी कसोटी : शेवटच्या दोन ओळी हाताने झाका. कविता तिथेच पुरी होत असेल तर त्या दोन ओळी बहुधा अर्थ समजावून सांगायला आलेल्या असतात. नवोदितांच्या मुक्तछंदातला हा हमखास सापडणारा दोष आहे, आणि ‘शेवटच्या दोन ओळींशिवाय एकदा वाचून बघाल का?’ या प्रश्नाने तो न दुखावता दाखवता येतो. काळीज, आसवे, वेदना, क्षितिज हे शब्द एकाच कवितेत भेटले तर तेही सांगा, आणि सोबत कवितेतला एखादा दिसणारा, हाताला लागणारा शब्द दाखवा. तसा तो सापडला नाही, तर अडचण त्या शब्दांच्या पलीकडची आहे.

प्रश्न (फोंडा, गोवा) : अभंग म्हणून आलेली रचना अभंगात आहे की नाही, हे झटकन कसे पाहायचे?

मात्रा नाहीत, अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच अक्षर. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६, ६, ६ आणि ४ अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. ‘पावसाच्या सरी / अंगणात आल्या / कौलांवर न्हाल्या / चिमण्याही’ असे. चूक बहुतेक वेळा चौथ्या चरणात सापडते, तिथे पाच-सहा अक्षरे घुसतात. अष्टाक्षरीत आठ भरूनही ओळ ठेचकाळली तर शब्द कुठे तुटतात ते पाहा : बाकीच्या ओळी चार-चारने पडत असताना मध्येच पाच-तीन आलेली असते.

प्रश्न (ठाणे) : मी ओळ दुरुस्त करून दिली, तर आमच्या गटातले एक ज्येष्ठ काका चिडले. ‘माझी कविता मलाच शिकवता?’ म्हणाले. आता गप्प बसायचे का?

गप्प बसू नका, पण न विचारता दुरुस्त ओळ देऊ नका. आधी ‘काका, तिसऱ्या ओळीबद्दल एक शंका आहे, सांगू का?’ एवढेच विचारा, आणि वयाने मोठ्यांना शक्यतो खासगीत. होकार आला तर जागा सांगा, कारण सांगा, आणि थांबा. त्यांनी मागितली तरच पर्यायी ओळ द्या. तीही एकच देऊ नका, दोन द्या. एक दिली की ती तुमची ओळ होते आणि स्वीकारणे-नाकारणे मानापमानाचे होऊन बसते. दोन दिल्या की बहुतेक कवी तिसरी, स्वतःची शोधतात. पर्याय वृत्तापुरता ठेवा. कवीने छप्पर लिहिले असेल तर तुम्ही आभाळ करू नका.

प्रश्न (पुणे) : गेल्या महिन्यात पती गेल्यावर एका सदस्येने कविता टाकली. वृत्त पार ढासळले होते. सगळ्यांनी फक्त हात जोडले. आम्ही काही सांगायला हवे होते का?

नाही. हात जोडलेत ते बरोबर केलेत. जमलेच तर कवितेतली त्यांच्या यजमानांबद्दलची एखादी बारीक गोष्ट, चष्मा, सायकल, चहाची वेळ, जे असेल ते, नाव घेऊन लिहा. ती वाचली गेली हे त्यांना कळते. वृत्ताचे नंतर, आणि तेही त्यांनी स्वतः ती कविता ‘बघाल का जरा’ म्हणून पुन्हा पाठवली तर. तेव्हा मात्र हातचे राखू नका, बाकीच्यांच्या मोजता तशाच त्यांच्याही मात्रा मोजून द्या.