सुमेरियन मुद्रा लिलावात मिळतेय, घेऊ का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन लिलावात एक सुमेरियन, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमधली, सिलिंडर मुद्रा (ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायचा कोरीव दंडगोल) आणि कीलाकार लिपीतली मातीची छोटी पाटी तुमच्या आवाक्यात आहे, माहितीत फक्त ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ असं लिहिलंय, तर घ्यावी का? घेऊ नका.

मी बरीच वर्षं शिवराई जमवतोय. आपल्याला नाण्यांमुळे सवय लागते की वस्तू अस्सल की नक्कल एवढंच बघायचं. इथे अस्सल निघाली तरच खरी अडचण सुरू होते. इराकमध्ये १९३६ च्या कायद्याने पुरातन वस्तू सरकारच्या मालकीच्या झाल्या. एप्रिल २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, तेव्हा सुमारे ५ हजार सिलिंडर मुद्रा गेल्या. बोटाच्या पेराएवढी वस्तू, मूठभर खिशात मावतात. ६ ऑगस्ट १९९० नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या इराकी वस्तू परत करायला संयुक्त राष्ट्रांच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने सगळ्या देशांना सांगितलंय. म्हणून त्याआधीची, नावातारखेची पावती दाखवा म्हणावं. नुसत्या ‘जुन्या संग्रहा’ला काही अर्थ नाही.

तेल्लोची गोष्ट मला फार लागली. २००३ मध्ये लंडनच्या पोलिसांनी एका विक्रेत्याकडून ८ वस्तू जप्त केल्या. कागद एकाही वस्तूचा नव्हता. त्यात मातीचे तीन शंकू होते, लगाश या प्राचीन नगरराज्याच्या गुडिआ राजाने निन्गिर्सू देवाचं मंदिर बांधल्याचा लेख कोरलेले. पुढे ब्रिटिश म्युझियमचे पुरातत्त्वज्ञ दक्षिण इराकमध्ये तेल्लोला, म्हणजे प्राचीन गिर्सूला, खणत होते. तिथे देवळाच्या भिंतीत तोच मजकूर असलेले शंकू जागच्या जागी सापडले, आणि जवळच चोरांनी खणलेले खड्डे, त्यात टाकून दिलेले फुटके तुकडे. जुळलं! २०१८ मध्ये सगळ्या वस्तू इराकला परत गेल्या. पण असा माग क्वचितच लागतो. एरवी शंकू कुठल्या भिंतीतला, शेजारी काय होतं, हे चोराच्या कुदळीबरोबर कायमचं जातं.

मग हौस कशी भागवायची? मी प्रतिकृती जमवतो. रेझिनची मुद्रा शाडूच्या लाटलेल्या पट्टीवर हलका दाब देऊन फिरवतो. माती लाटण्याइतकी मऊ हवी, पण हाताला चिकटता कामा नये. बसलेला राजा, वर चंद्रकोर, हात धरून भक्ताला पुढे आणणारी देवी, असं दृश्य सरकत उमटत जातं. कोरलेली अक्षरं उलटी असतात, ती मातीत सुलटी होतात. पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी ती पट्टी दोन दिवस कुणाला हलवू दिली नाही.

पाट्यांसाठी सीडीएलआय हा फुकट डिजिटल संग्रह उघडा. तिथे पुझ्रिश-दगान, आजचं ड्रेहेम, इथल्या पाट्या शोधा. उर या सुमेरियन शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात तिथे सरकारी गुरं-मेंढरं जमा होऊन वाटली जायची. मेंढ्या किती, कुणाकडून आल्या, कुणी ताब्यात घेतल्या, कुठल्या महिन्यात, सगळं चार हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाने तळहातावर मावेल एवढ्या मातीत टिपलंय. एक पाटी घ्या, दिलेल्या लिप्यंतराशी खुणा ताडून बघा. मला पहिली ‘मेंढी’ची खूण ओळखायला तीन संध्याकाळ लागल्या: चौकट आणि आत फुली.