वाचकांचे प्रश्न : काउंट बेसीचा बँड आणि तीन मिनिटांच्या त्या रेकॉर्ड

मागच्या अंकात काउंट बेसी या अमेरिकन जाझ पियानोवादकाच्या ऑर्केस्ट्राच्या 1937 ते 39 मधल्या रेकॉर्डिंगबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. काही प्रश्न घेते.

प्रश्न : ताई, तुम्ही सांगितलेलं 'वन ओ'क्लॉक जंप' ऐकलं. आवडलं, पण जरा रंगायला लागलं की संपतंच. प्रत्येकाला वाजवायला जेमतेम अर्धं मिनिट पण मिळत नाही. इतकं आखडतं का घ्यायचे? आणि हे सगळं आधी लिहून काढलेलं असायचं का? (नाशिक)

आखडतं त्यांनी नाही घेतलं हो, तबकडीने घेतलं. दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणारी रेकॉर्ड, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात काय ते उरकायचं. क्लबमध्ये हेच लोक एकेक चीज कितीतरी वेळ वाजवायचे, नाचणारे थकेपर्यंत. बेसी 1936 पर्यंत कॅन्सस सिटीच्या रिनो क्लबमध्ये होता. त्याच्या आधी तो बेनी मोटेनच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, 1935 मध्ये मोटेन टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये गेला आणि त्याची काही माणसं घेऊन बेसीने नऊ जणांचा बँड उभा केला.

आणि लिहिलेलं म्हणाल तर यातलं बरंचसं लिहिलेलं नव्हतंच. कोणीतरी एक छोटा तुकडा वाजवायचा, शेजारचा त्याला सूर जोडायचा, ट्रम्पेटवाले त्याला उत्तर शोधायचे, चार रात्री वाजवून ते पक्कं व्हायचं आणि सगळ्यांच्या डोक्यात राहायचं. याला ते हेड अरेंजमेंट म्हणतात, आपल्या भाषेत तोंडी बसवलेलं. 'वन ओ'क्लॉक जंप' असंच बसलेलं, रेकॉर्डवर बेसीचं नाव आहे पण त्यात बस्टर स्मिथ आणि एडी डरहॅम यांचाही हात होता, हे मुद्दाम सांगते कारण बस्टर स्मिथ कॅन्सस सिटीतच मागे राहिला आणि त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. नावाची गोष्ट अशी सांगतात की मूळ नाव रेडिओवर उच्चारण्यासारखं नव्हतं, निवेदकाने घड्याळाकडे बघितलं, एक वाजत आलेला, झालं बारसं.

आता 7 जुलै 1937 ची ती रेकॉर्ड परत लावा आणि असं ऐका. हा बारा बारचा ब्लूज आहे, एक बार चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन समजा. पहिल्यांदा बेसी पियानोवर दोन आवर्तनं, मग एकदम सूर बदलतो आणि हर्शल इव्हान्सचा टेनर सॅक्स येतो, मग जॉर्ज हंटचा ट्रोम्बोन, मग लेस्टर यंग, मग बक क्लेटनचा ट्रम्पेट, या चौघांना प्रत्येकी एकच आवर्तन. त्यानंतर बेसी आणि ऱ्हिदमवाले, म्हणजे बास, गिटार आणि ड्रम, एक आवर्तन हलकंसं घेतात, आणि शेवटी सगळा बँड एकावर एक तुकडे रचत जातो. एका आवर्तनात माणूस आपली ओळख करून देतो, हर्शल आणि लेस्टर दोघंही टेनरच वाजवतात पण हर्शलचा आवाज भरदार, छातीतून आल्यासारखा, आणि लेस्टरचा हलका, वाऱ्यावर तरंगणारा. बेसीने दोघांना स्टेजवर दोन टोकांना बसवलेलं. हर्शल 1939 च्या फेब्रुवारीत गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती, म्हणून त्याचं जे आहे ते एवढंच आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : मला बेसीचा पियानो ऐकूच येत नाही, मग त्याचं एवढं कौतुक का? (सांगली)

तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकताय का? तसं असेल तर बरंचसं गेलंच म्हणून समजा, कारण या बँडचा जीव खालच्या चार जणांत आहे आणि फोनवर बास ऐकूच येत नाही. हेडफोन लावा. वॉल्टर पेजचा डबल बास चारही मात्रांवर चालत राहतो, फ्रेडी ग्रीनचं गिटार प्रत्येक मात्रेला एकच घाव घालतं, तेही विजेशिवाय, आणि जो जोन्सने ठेका खालच्या मोठ्या ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या दोन झांजांवर नेला. त्याआधीचे बँड ऐका, ठेका धप धप पडतो, इथे तो वाहतो. मग बेसीला काय काम उरलं? तो मधे एखादा स्वर टाकतो आणि थांबतो. त्याला भरपूर वाजवता यायचं, पण त्याने सोडून दिलं, कारण ते तिघं असताना जागा भरायची गरजच नव्हती. आपल्याकडे चांगला ठेका लागला की गवय्या निवांत होतो ना, तसंच. ग्रीन 1937 च्या मार्चमध्ये आला तो 1987 मध्ये मरेपर्यंत बँडमध्येच होता, पन्नास वर्षं एका मात्रेला एक घाव!

प्रश्न : 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड' हा कुठला बँड? त्यात बेसी वाजवतोय असं माझा मित्र म्हणतो. (पुणे)

मित्र बरोबर आहे. जॉन हॅमंड नावाच्या रेकॉर्ड निर्मात्याने 1936 मध्ये शिकागोत गाडीतल्या रेडिओवर हा बँड ऐकला आणि वेडाच झाला, पण तो करार करायच्या आत डेका या रेकॉर्ड कंपनीने बेसीची सही घेतली होती. करार वाचून आजही राग येतो, 24 बाजूंमागे 750 डॉलर आणि रॉयल्टी शून्य. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनने आपल्या बँडबरोबर हीच 'वन ओ'क्लॉक जंप' 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवली, गावभर झाली, आणि बेसीला स्वतःच्या रेकॉर्डच्या खपातून काही नाही.

डेकाचं काम सुरू व्हायच्या आधी हॅमंडने पाच वाजवणारे आणि जिमी रशिंग हा गायक यांना शिकागोच्या एका छोट्या स्टुडिओत नेलं. बेसीचं नाव लावता येत नव्हतं म्हणून ड्रमवाला जो जोन्स आणि ट्रम्पेटवाला कार्ल स्मिथ यांची नावं लावली. लेस्टर यंगचं हे पहिलं रेकॉर्डिंग, वय 27, आणि 'लेडी बी गुड'मधले त्याचे 64 बार ऐकून लोकांनी सॅक्स वाजवायची पद्धत बदलली. बेसीचं एकच काही ऐकायचं असेल तर मी हेच सांगेन.

प्रश्न : या बँडचा मुंबईशी काही संबंध? (पणजी)

थेट नाही, पण एक धागा आहे. बक क्लेटन बेसीकडे यायच्या आधी 1934 मध्ये स्वतःचा बँड घेऊन शांघायला गेला होता आणि त्याला तिकडे नेणारा होता पियानोवादक टेडी वेदरफर्ड. हाच वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता, आणि 1945 मध्ये कलकत्त्यात वारला.

प्रश्न : बिली हॉलिडे बेसीच्या बँडमध्ये गात होती म्हणतात, मग रेकॉर्ड एकही कशी नाही? (ठाणे)

पुन्हा करारच आडवा आला. ती 1937 च्या मार्चपासून साधारण वर्षभर त्यांच्याबरोबर गावोगाव बसने फिरत होती, पण तिचा करार दुसऱ्या कंपनीशी आणि बेसीचा डेकाशी, त्यामुळे दोघं मिळून स्टुडिओत जाऊच शकले नाहीत. मात्र तिच्या कंपनीसाठी पियानोवादक टेडी विल्सनच्या नावाखाली बेसीची माणसं वाजवायला येऊ शकत होती. बेसीचं डेकासाठी पहिलं सेशन 21 जानेवारी 1937 ला झालं आणि चारच दिवसांनी लेस्टर, बक, पेज, जो जोन्स न्यूयॉर्कमध्ये बिलीबरोबर होते, त्या दिवसाचं 'धिस इयर्स किसेस' शोधा, लेस्टर आधी वाजवतो आणि मग ती गाते, दोघांचा आवाज एकाच घरातला वाटतो.

पूर्ण बँडबरोबरची तिची तीनच गाणी राहिली आहेत, तीही रेडिओवरून तबकडीवर उतरवून घेतली म्हणून, त्यातली दोन न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममधली, 30 जून 1937 ची. आवाज खरखरीत आहे, पण 'स्विंग, ब्रदर, स्विंग'मध्ये ती मुद्दाम मात्रेच्या जरा मागे राहून गाते आणि मागून जो जोन्स आणि पेज तिला पुढे रेटत असतात, ते त्या खरखरीतूनही नीट ऐकू येतं.