लेकीला राजकारण नको, राजकीय सिद्धांत शिकायचाय

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यातले, घरात मासेमारीचा व्यवसाय. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे. विषय राज्यशास्त्र, माध्यम मराठी. स्पर्धा परीक्षा नको, राजकीय सिद्धांतात एम.ए. आणि पीएच.डी. करायची म्हणते. ही माणसं नेमकं करतात काय? आणि यात पोट भरतं का? – एक पालक

सप्रेम नमस्कार.

ही माणसं काय करतात, याचं उत्तर तुमच्या किनाऱ्यावरच मिळेल. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून एकदम पकडणारी मोठी जाळी) वापरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद तुम्ही रोज पाहता. पत्रकार काय घडलं ते लिहितो, वकील १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा उघडतो, निवडणुकांचा अभ्यासक कोणाची मतं कुठे गेली ते मोजतो. सिद्धांतकार त्यांच्या मागचा प्रश्न धरतो : समुद्रातली मासळी मुळात कोणाची?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये मांडलं की निसर्गातल्या वस्तूत माणसाने श्रम घातले की ती त्याची होते. त्याने समुद्रातल्या मासळीचंच उदाहरण दिलंय : जो पकडेल त्याची. मात्र मालकीला त्याने अट घातली, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. पर्ससीनवाल्याचेही श्रम असतातच, मग त्याची मालकी कुठे अडते? या अटीवर. आता रापणीकडे, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या जाळ्याकडे बघा. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तो श्रमाचा मोबदला की गावाचा माणूस म्हणून हक्क? दोन उत्तरांतून दोन वेगळे कायदे निघतात. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये आणखी एक कसोटी दिली. नियम ठरवताना आपण ट्रॉलरमालक असू, खलाशी असू की बाजारात मासळी विकणारी बाई, हे माहीत नाही असं धरायचं आणि मग कोणता नियम मान्य होईल ते तपासायचं. असे प्रश्न घट्ट मांडणं, मांडणीतल्या फटी शोधणं आणि नवी मांडणी देणं हा या लोकांचा व्यवसाय. तुमच्या मुलीला हे प्रश्न पुस्तकाआधी घरात भेटलेत. हे तिचं भांडवल आहे, ते कमी समजू नका.

इथे प्रा. गोपाळ गुरू यांचं काम तिने नक्की वाचावं. त्यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, पुढे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चं संपादकपद सांभाळलं. त्याच साप्ताहिकातल्या २००२ च्या लेखात त्यांनी दाखवलं की भारतातल्या समाजविज्ञानात काही जण सिद्धांत मांडतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला माहिती गोळा करण्याचं काम येतं. ही विभागणी जातीच्या उतरंडीसारखी आहे, आणि दलितांनी सिद्धांताचं काम स्वतः हाती घ्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वज्ञ सुंदर सारुक्काई यांनी त्यावर अनुभव आणि सिद्धांत यांच्या नात्याचा प्रश्न उभा केला. तो वाद २०१२ मध्ये दोघांच्या एकत्रित पुस्तकात आला.

हे मी मुद्दाम सांगतेय. लहान गावातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या पीएच.डी.चा विषय बहुतेक वेळा ‘अमुक तालुक्यातील मच्छीमारांच्या समस्या : एक अभ्यास’ असा ठरतो. दोनशे प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते, शेवटी शिफारशी. पदवी मिळते, पण सिद्धांताचं शिक्षण होत नाही आणि पुढे त्या क्षेत्रात कोणी विचारत नाही. म्हणून मार्गदर्शक निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा त्या प्राध्यापकांचे गेल्या काही वर्षांतले लेख बघावेत. सिद्धांतावर एकही नसेल तर तिथे जाऊ नये.

आता वाट. एम.ए.साठी तिने कोकणाबाहेर पडावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण या विषयाला मोठं ग्रंथालय आणि वाद घालणारे सोबती लागतात. जेएनयू, दिल्ली, हैदराबाद इथला प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास, म्हणजे टी.वाय.च्या अभ्यासाच्या ऐन गर्दीत. कॉलेजात कोणी आठवण करून देत नाही, तारीख निघून जाते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, त्यामुळे अंदाजपंचे खुणा करू नयेत. मुंबई आणि पुण्याचे अर्ज वेगळे भरून ठेवावेत.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षापासून नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास; इथे चुकीला गुण कापत नाहीत. खरं लक्ष्य जेआरएफचं, म्हणजे नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचं ठेवावं. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर नियमानुसार घरभाडं. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं ठरलेली आहेत, पण चार-पाच सहज जातात, आणि फेलोशिप नसेल तर तो भार घरावर येतो. सेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा पास झाली तर महाराष्ट्र आणि गोव्यात सहायक प्राध्यापकपदाला पात्र, पण सेटने फेलोशिप मिळत नाही.

पोटाचं सरळ सांगते. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, वर भत्ते. मात्र जागा भरण्याला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. तिथे पैसे तासांवर, सुट्टीत काही नाही, मानधनही उशिरा. म्हणून आजच घरात बसून ठरवा : एम.ए. झाल्यावर दोन वर्षांत जेआरएफ नाही मिळाली तर दुसरा रस्ता. तो रस्ताही अगदी नव्याने सुरू करावा लागणार नाही. यूपीएससीत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे आणि त्याच्या पहिल्या पेपरात राजकीय सिद्धांत येतोच. धोरण-संशोधन संस्था आणि पत्रकारितेतही नेमकं लिहिणारी माणसं लागतात. दोन्ही तयाऱ्या एकाच वेळी मात्र करू नयेत, दोन्ही अर्धवट राहतात.

मराठी माध्यमाची धास्ती नको, पण इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मूळ ग्रंथही बहुतांश इंग्रजीत. गाइड पुरे झाली. तिने बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’पासून सुरुवात करावी. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडमालेतल्या पहिल्या खंडात ते आहे. इंग्रजी स्वच्छ, आणि युक्तिवाद पायरीपायरीने चढतो. त्यानंतर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’चं दुसरं प्रकरण. रोज चारच पानं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि मराठीत पाच ओळी लिहायच्या : लेखकाचा दावा काय, कारण काय, कोण हरकत घेईल आणि लेखक तिला काय उत्तर देईल. हरकतीची ओळ सुचली नाही तर ती चार पानं दुसऱ्या दिवशी पुन्हा. नुसता सारांश लिहायची सवय लागली की पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘तुमचं म्हणणं काय?’ या प्रश्नावर मुलं गप्प होतात.

मे महिन्यापर्यंत तिच्याकडून मासळीच्या हक्कावर दीड हजार शब्दांचा एक निबंध लिहून घ्या : एक दावा, दोन कारणं, आणि एक हरकत, तीही पर्ससीनवाल्यांच्या बाजूची, त्यांना स्वतःला पटेल इतक्या ताकदीने मांडलेली. तो मला पाठवा, मी खुणा करून परत देईन.