रोसला जुने कपडे घाल आणि मांडो सुरू झाला की जरा गप्प बस

तर तुझा प्रश्न असा की हॉस्टेलची मैत्रीण सांगलीची, नवरा सासष्टीतला (दक्षिण गोव्यातला तालुका) गोवन कॅथलिक, लग्न मडगावजवळ, पत्रिकेत ‘रोस’ आणि ‘लाइव्ह मांडो’ लिहिलंय आणि तुला काय घालायचं, कुठे नाचायचं काहीच कळेना. मी असंच एक लग्न तीन दिवस राहून खाल्लंय, फक्त तिथे उलटं होतं, मित्र आमचा कोल्हापूरचा आणि मुलगी कुडतरीची.

रोस म्हणजे आपली हळदच समज. हळदीऐवजी नारळाचा रस, म्हणजे दाट दूध, आणि खोबरेल. आधी मोठी माणसं नीट, हळुवार लावतात, गाणी चालू असतात, आणि मग मित्रमंडळींचा नंबर आला की अंडी काय, बियर काय, जे हातात येईल ते डोक्यावर. त्यामुळे नवा कुर्ता बिलकुल नको. माझा लिननचा होता, तीन धुण्यांनंतरही वास जाईना, शेवटी फरशी पुसायला काढला.

पण रोसची खरी मजा गाण्यांत आहे. तिकडच्या चार-पाच म्हाताऱ्या बायका एका बाजूला बसून एका सुरात म्हणत होत्या, मी शेजारच्या काकांना विचारलं हे काय, तर म्हणाले वोव्यो. मित्राची आत्या मागेच उभी होती, ती म्हणाली “म्हंजे ओव्याच की ओ!” आणि कुणी काही बोलायच्या आत पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसली आणि जात्यावरची सुरू केली. चाल वेगळी, भाषा वेगळी, पण दुसऱ्या ओळीपासून त्या बायका मान डोलवायला लागल्या, तिसऱ्या ओवीला टाळ्या. दोन घरांची ओळख खरं तर तिथे झाली, साखरपुड्यात नुसतंच तुम्ही बसा-आम्ही बसा चाललं होतं. तेव्हा तुमच्या गँगमध्ये कुणाची आई, मावशी गाणारी असेल तर तिला आधीच पटवून ठेव.

चर्चचं पटकन सांगतो. खांदे झाकलेले असू देत, पांढरा गाऊन टाळ, साडी तर मस्तच, सगळे वळून बघतात. नवरा-नवरीपैकी एकजण कॅथलिक नसेल तर बिशपची परवानगी लागते आणि बरेचदा पूर्ण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, न करता छोटा विधी असतो. मिस्सा असलाच तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी वाटतात त्या, रांगेत प्रसाद समजून उभी राहू नकोस, तो त्यांच्यातल्यांसाठीच असतो. आमचा एकजण हात पुढे करून उभा राहिला होता, नाव नाही सांगत.

आता मांडो, म्हणजे कोंकणी गाणं आणि त्यावरचा नाच. हा सासष्टीचाच, विशेषतः कुडतरी-लोटली भागातला, एकोणिसाव्या शतकात बहरलेला, व्हायोलिन आणि घुमट. चाल संथ असते, विषय बहुतेक प्रेम, विरह, आणि नाचतात तेही समोरासमोर रांगा करून, बायकांच्या हातात पंखे, कुणी कुणाला फारसा स्पर्श करत नाही. पहिल्यांदा ऐकताना आपल्या लोकांना वाटतं, एवढं काय स्लो, स्नॅक्स कुठायत. आमच्यातल्या एका दीडशहाण्याने मांडो चालू असताना जाऊन बँडला हिंदी आयटम साँगची फर्माईश केली. व्हायोलिनवाल्या अंकलनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त डोळे मिटून घेतले. मला अजून लाज वाटते. तर तेवढा वेळ धीर धर, कारण मांडो संपला की दुलपद लागतं, ठेका पळायला लागतो, तेव्हा बिनधास्त घुस, स्टेप्स कुणालाच येत नसतात. रात्री पुढे ‘मसाला’ म्हणून कोंकणी गाण्यांची एकामागून एक माळ लावतात, तेव्हा आजोबासुद्धा खुर्चीत सापडायचे नाहीत.

घुमट जवळून बघच. मातीचं मडकं, दोन तोंडं, मोठ्यावर चामडं आणि लहान उघडं. एका हाताने वाजवतात आणि दुसऱ्याने ते लहान तोंड झाकत-उघडत आवाज फिरवतात. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते गेलं, आता बकऱ्याचं. २०१९ साली गोवा सरकारने याला राज्याचं वारसावाद्य जाहीर केलं. आणि गंमत म्हणजे हेच घुमट चतुर्थीला हिंदू घरांत आरतीला वाजतं, त्यामुळे मुलीकडच्यांना सांग की हे ‘त्यांचं’ वाद्य वगैरे काही नाही.

जेवणाचं एवढंच की सोरपोतेल म्हणजे पोर्क, विचारून घे. आहेर पाकिटात चालतो.

आणि रात्री दहाला निघू नकोस. मोकळ्या जागेत तेव्हा स्पीकर बंद करावाच लागतो, अर्धी वऱ्हाडं गाडीत बसतात. आम्ही पंधरा-वीसजण त्यांच्या घरातल्या हॉलमध्ये गेलो, दारं लावून, माईक नाही काही नाही, अंकलनी व्हायोलिन काढलं, आत्या घुमटावर हात मारून बघत होती आणि तिला तो लहान तोंडाचा खेळ काही केल्या जमेना, शेवटी नवरीच्या आजीने तिचा पंजा धरून दाखवला.