नायिका गैरहजर, तरी पुरस्कार?

प्रश्न : लंडनच्या 'माय फेअर लेडी' या संगीतनाटकातली नायिका मार्टीन मकचन आजारपणामुळे कित्येक प्रयोगांना नव्हती. तरी तिला पुरस्कार कसा मिळाला? आणि तिकडचं महागडं तिकीट काढल्यावर बदली नटी उभी राहिली तर पैसे परत मिळतात का?

उत्तर : तिला मिळालेला ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार हजेरीपटावर मिळत नाही. ट्रेव्हर नन यांनी 2001 मध्ये नॅशनल थिएटरसाठी बसवलेल्या या प्रयोगात ती जेव्हा उभी राहिली, तेव्हा नाटकातली फुलवाली एलायझा खरी वाटली. पूर्व लंडनमध्येच जन्मल्यामुळे फुलवालीची बोली तिला घोटावी लागली नाही. 2002 चा पुरस्कार आमच्या मते रास्तच होता.

आता गळ्याचं बघा. एलायझा म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'तली मंजुळा. दोघी जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या एकाच नाटकातून आलेल्या. 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हा मंजुळेचा थयथयाट इथे गाण्यात आहे, तोही छातीच्या आवाजात, ओरडून. थोड्याच वेळात 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट' येतं. मूळ पट्टी पांढरी एक, आणि शेवटचा स्वर थेट तार पंचम! ओरडण्याने स्वरतंतू सुजले की आधी हाच वरचा स्वर फाटतो. तसंच रेटून गायलं तर तंतूंत रक्तस्राव होऊ शकतो. असे आठवड्याला आठ प्रयोग! अशा वेळी न गाणं हा कामचुकारपणा नव्हे. निर्मात्यांनी पहिल्यापासून आठवड्यातले एक-दोन प्रयोग दुसरीला नेमून द्यायला हवेत. पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या 'फनी गर्ल'मध्ये बदली नटी ज्युली बेन्कोला गुरुवार ठरवून दिले होते.

बदली नटीला कमी लेखू नका. मकचनची पहिली बदली अलेक्झांड्रा जे. तीही आजारी पडली, तेव्हा नाच-गाण्याच्या समूहातली केरी एलिस उभी राहिली. हीच केरी पुढे 'विकेड' या संगीतनाटकाची पहिली ब्रिटिश एल्फाबा, म्हणजे नायिका, झाली.

पैशांचं म्हणाल, तर ब्रॉडवेवर ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो नसेल, तर सहसा पैसे किंवा दुसरी तारीख मिळते. मात्र पडदा उघडण्याआधी तिकीटखिडकीवर मागा. लंडनमध्ये कलाकार बदलू शकतात हे तिकिटाच्या अटींतच असतं, त्यामुळे परतावा गृहीत धरू नका. काढण्यापूर्वी थिएटरच्या संकेतस्थळावर नायिकेच्या ठरलेल्या सुट्ट्या बघा आणि दुपारच्या प्रयोगाला ती आहे ना, हे विचारून घ्या.